दंडाचा पैसा आणि पीडितांचा वाटा : अमेरिकेतील पोलिस व गुन्हेपीडित-सेवा अनुदानांचा इतिहास (१९६५ ते २०२४)

प्रास्ताविक

अमेरिकेच्या संघराज्यीय रचनेत पोलिस हा प्रामुख्याने घटकराज्यांचा आणि त्यांच्या अखत्यारीतील शहरांचा व कौंट्यांचा विषय मानला जातो. खून, बलात्कार, दरोडा, घरफोडी यांसारख्या गुन्ह्यांचा तपास स्थानिक पोलिस करतात, खटले स्थानिक सरकारी वकील चालवतात आणि दोषी ठरलेले गुन्हेगार बहुधा राज्याच्या तुरुंगात शिक्षा भोगतात. १९६५ पूर्वी या सर्व व्यवस्थेशी केंद्र सरकारचा आर्थिक संबंध अत्यल्प होता. त्यानंतरच्या सहा दशकांत मात्र केंद्राच्या तिजोरीतून अब्जावधी डॉलर अनुदानाच्या रूपाने राज्यांकडे गेले. या अनुदानांचे दोन प्रवाह स्पष्टपणे दिसतात. एक पोलिस, सरकारी वकील आणि न्यायालये यांच्याकडे जाणारा. तो आधी सुरू झाला. दुसरा गुन्ह्याला बळी पडलेल्या व्यक्तीकडे जाणारा. तो उशिरा सुरू झाला आणि त्याचा उगम करदात्याच्या पैशात नसून गुन्हेगाराने भरलेल्या दंडात आहे. पीडिताच्या वाट्याला काय आले, ते कोणत्या पैशातून आले आणि कोणत्या अटींवर आले, या प्रश्नांच्या अनुषंगाने या दोन्ही प्रवाहांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

केंद्राचा पैसा, स्थानिकांचे पोलिस

१९६० चे दशक अमेरिकेत वाढत्या गुन्हेगारीचे दशक ठरले. पोलिसांकडील नोंदींनुसार १९६० साली सुमारे ९,१०० खून झाले होते. १९७० साली ही संख्या सुमारे १६,००० वर गेली. १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत गुन्हेगारी हा प्रचाराचा विषय झाला, आणि निवडून आलेल्या लिंडन जॉन्सन यांना त्याची दखल घेणे भाग पडले. सप्टेंबर १९६५ मध्ये त्यांनी कायदा-अंमलबजावणी साहाय्य अधिनियमावर स्वाक्षरी केली. या अधिनियमाखाली न्याय विभागात एक छोटे कार्यालय उघडण्यात आले. त्याची वार्षिक तरतूद सत्तर लाख डॉलरांच्या आसपास होती. एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने ही रक्कम नगण्यच होती. तथापि स्थानिक पोलिसांना केंद्राने थेट अर्थसाहाय्य देण्याचा पायंडा तिने पाडला.

त्याच वर्षी जॉन्सन यांनी निकोलस कॅट्झेनबाख यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोनशेहून अधिक शिफारशी होत्या. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आयोगाने करून घेतलेली पाहणी होय. देशभरातील दहा हजार कुटुंबांना घरी जाऊन विचारण्यात आले की, गेल्या वर्षभरात तुम्ही कोणत्या गुन्ह्याला बळी पडलात? उत्तरे धक्कादायक होती. प्रत्यक्षात घडणाऱ्या बलात्कारांचे प्रमाण पोलिस नोंदींच्या साडेतीन पटींहून अधिक आणि घरफोड्यांचे तिप्पट असल्याचे आढळले. पोलिसांच्या वहीत ज्याची नोंदच नाही असा पीडितांचा एक मोठा समुदाय यामुळे प्रथमच शासनाच्या दृष्टिपथात आला. (गणनेच्या बाबतीत आयोग सर्वत्र इतका काटेकोर नव्हता. देशात ४०,००० पोलिस यंत्रणा असल्याचे त्या वेळी सांगितले गेले. पुढील काळातील शिरगणतीत ही संख्या अठरा हजारांच्या आसपास भरली. ज्यांना अनुदान द्यायचे ते किती आहेत हेच नीट ठाऊक नसताना अनुदानाची योजना आखली जात होती.)

फेब्रुवारी १९६७ मध्ये प्रशासनाने काँग्रेसपुढे ठेवलेल्या विधेयकात अनुदान थेट शहरांना आणि कौंट्यांना द्यावे असे प्रस्तावित होते. गुन्हेगारीचा खरा भार मोठी शहरे सोसत असल्याने हे तर्काला धरून होते. परंतु ॲटर्नी जनरलच्या हाती स्थानिक पोलिसांच्या नाड्या जातील, अशी भीती रिपब्लिकन आणि दक्षिणेतील डेमोक्रॅट सदस्यांनी व्यक्त केली. न्यू जर्सीचे विल्यम काहिल यांनी प्रतिनिधिगृहात मांडलेल्या दुरुस्तीने अनुदानाची वाट बदलली: पैसा आधी राज्यांकडे ठोक स्वरूपात जावा आणि तेथून तो खाली वाटला जावा. सिनेटमध्ये एव्हरेट डर्कसन यांनी याच आशयाची दुरुस्ती संमत करून घेतली. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, अनेक शहरांत दंगली उसळल्या. ६ जून रोजी रॉबर्ट केनेडी यांचा गोळीबारातील जखमांमुळे मृत्यू झाला आणि त्याच दिवशी प्रतिनिधिगृहाने विधेयक संमत केले. १९ जून १९६८ रोजी जॉन्सन यांनी सर्वसमावेशक गुन्हे-नियंत्रण व सुरक्षित रस्ते अधिनियमावर स्वाक्षरी केली.

या अधिनियमाने कायदा-अंमलबजावणी साहाय्य प्रशासन ही नवी यंत्रणा निर्माण केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘एल.ई.ए.ए.’ या नावाने ओळखली गेली. कृती-अनुदानाच्या रकमेपैकी ८५ टक्के ठोक अनुदान म्हणून लोकसंख्येच्या प्रमाणात राज्यांना आणि १५ टक्के प्रशासनाच्या स्वेच्छाधिकारात, अशी विभागणी होती. राज्यांनी नियोजन संस्था स्थापन करून वार्षिक आराखडा सादर करावा आणि मिळालेल्या कृती-अनुदानाचा तीन-चतुर्थांश भाग स्थानिक संस्थांकडे पोहोचवावा, असे बंधन होते. सर्वसाधारण प्रकल्पांसाठी केंद्राचा वाटा ६० टक्के, पण दंगल-नियंत्रण आणि संघटित गुन्हेगारी यांसाठी ७५ टक्के होता. कोणत्या कामाला शासन प्राधान्य देत होते हे या टक्केवारीवरून सहज कळते. पीडित या शब्दाला त्या कोष्टकात जागा नव्हती.

यंत्रणेचा अर्थसंकल्प थक्क करणाऱ्या वेगाने वाढला. १९६९ च्या वित्तीय वर्षात ६ कोटी ३० लाख डॉलर, पुढच्याच वर्षी सुमारे २६ कोटी ८० लाख आणि १९७५ मध्ये सुमारे ८९ कोटी ५० लाख. हा पैसा खर्च करण्याची क्षमता राज्यांच्या नवजात नियोजन संस्थांकडे नव्हती. त्यात यंत्रणेच्या शिरोभागी तीन प्रशासक नेमण्यात आले होते आणि प्रमुख निर्णय एकमताने घ्यावेत अशी अपेक्षा होती. ही त्रिमूर्ती फार काळ टिकली नाही. पहिले प्रमुख चार्ल्स रोगोविन यांनी १९७० मध्येच राजीनामा दिला. १९७१ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या जॉन मोनागन यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने चौकशी केली, तेव्हा सल्लागार संस्थांवरील उधळपट्टी, अनावश्यक उपकरणांची खरेदी आणि निष्काळजी हिशेब यांवर कठोर टीका झाली. गुन्हे कमी करणे हे उद्दिष्ट जाहीर केलेल्या यंत्रणेच्या डोळ्यांदेखत गुन्ह्यांचे आकडे वाढतच राहिले.

तरीही एल.ई.ए.ए. म्हणजे केवळ अपव्यय, हे प्रचलित मत पूर्णतः न्याय्य नाही. तिच्या पैशातून हजारो पोलिस शिपायांनी महाविद्यालयीन शिक्षण घेतले. नोकरीत टिकून राहिल्यास शैक्षणिक कर्ज टप्प्याटप्प्याने माफ होत असे. तिच्या संशोधन संस्थेतील लेस्टर शुबिन यांनी मोटारीच्या टायरसाठी विकसित झालेल्या केवलर धाग्यापासून गोळीरोधक बंडी करता येईल हे ओळखले. १९७५ मध्ये पंधरा शहरांतील पोलिसांना अशा पाच हजार बंड्या चाचणीसाठी देण्यात आल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिॲटलमधील एका पोलिसाचे प्राण तिने वाचवले. १९७२ मध्ये सुरू झालेली पीडितांची राष्ट्रीय पाहणी हीसुद्धा या यंत्रणेचीच देणगी आहे. कॅट्झेनबाख आयोगाने एकदा विचारलेला प्रश्न तेव्हापासून नियमितपणे विचारला जात आहे.

पीडित : आधी साक्षीदार, मग माणूस

गुन्ह्यामुळे झालेल्या हानीची भरपाई राज्यसंस्थेने करावी, हा विचार आधुनिक काळात ठामपणे मांडण्याचे श्रेय ब्रिटनमधील समाजसुधारक मार्जरी फ्राय यांच्याकडे जाते. १९५० च्या दशकात त्यांनी यासाठी सातत्याने लेखन केले. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले. न्यूझीलंडने १९६३ मध्ये केलेला कायदा आणि ब्रिटनमध्ये १९६४ मध्ये सुरू झालेली योजना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९६५ मध्ये पहिला कायदा केला. आरंभी ही योजना समाजकल्याण खात्याकडे होती आणि गरजू पीडितांपुरतीच मर्यादित होती. म्हणजे भरपाई हा हक्क नसून दानाचाच एक प्रकार होता. न्यूयॉर्क, हवाई, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड यांनी लवकरच आपापल्या योजना आणल्या. केंद्राने या योजनांना हातभार लावावा यासाठी सिनेटर राल्फ यारबरो यांनी १९६५ मध्येच विधेयक मांडले होते. पुढील दीड दशकात अशी विधेयके अनेकदा आली, सिनेटने काही संमतही केली. पण खर्चाच्या भीतीने ती कायद्याच्या रूपात कधीच पोहोचली नाहीत.

दरम्यान, शासनाच्या प्रतीक्षेत न राहता लोक कामाला लागले होते. १९७२ मध्ये सेंट लुईस, सॅन फ्रान्सिस्को उपसागराचा परिसर आणि वॉशिंग्टन या तीन ठिकाणी स्वयंसेवी पीडित-साहाय्य केंद्रे सुरू झाली. यांपैकी दोन केंद्रे बलात्कारपीडित स्त्रियांसाठी होती आणि ती स्त्री-चळवळीतून जन्मली होती. या कार्यकर्त्यांचा पोलिसांवर फारसा विश्वास नव्हता. पोलिस ठाण्यात, रुग्णालयात आणि न्यायालयात बलात्कारित स्त्रीची होणारी विटंबना हाच त्यांच्या कामाचा आरंभबिंदू होता.

शासकीय अनुदान मात्र पीडितांपर्यंत वेगळ्याच दाराने आले. अनेक खटले फिर्यादी किंवा साक्षीदार न्यायालयात न आल्यामुळे कोसळतात, असे एल.ई.ए.ए.च्या अनुदानातून झालेल्या अभ्यासांत दिसून आले. तारीख कळवली जात नाही, दिवसभर बाकावर बसवून परत पाठवले जाते, आरोपीच्या नातेवाइकांशेजारीच ताटकळावे लागते, रोजंदारी बुडते अशा तक्रारी पुढे आल्या. म्हणून १९७४ मध्ये राष्ट्रीय जिल्हा सरकारी वकील संघटनेला अनुदान देऊन काही वकील कार्यालयांत पीडित-साक्षीदार कक्ष उघडण्यात आले. ब्रुकलिन आणि मिलवॉकी येथील कक्ष त्यांतील अग्रगण्य होत. पीडिताला फोन करणे, वाहनाची सोय करणे, त्याच्या मालकाला पत्र देणे ही कामे हे कक्ष करू लागले. ही मदत निःसंशय उपयुक्त होती. परंतु तिचे प्रयोजन खटला टिकवणे हे होते. ज्याच्या गुन्ह्याचा आरोपी सापडलाच नाही, किंवा जिने तक्रारच नोंदवली नाही, त्यांना या कक्षांत जाण्याचे कारण नव्हते. आयोगाच्या पाहणीत प्रकट झालेला नोंदीबाहेरचा पीडित अनुदानाच्याही बाहेरच राहिला.

१९८० च्या सुमारास एल.ई.ए.ए.चा अंतकाळ आला. कार्टर प्रशासनाने अर्थसंकल्पातील तुटीच्या दबावाखाली तिची तरतूद बंद केली आणि एप्रिल १९८२ मध्ये यंत्रणा अधिकृतपणे विसर्जित झाली. तिच्या अनुदानावर उभे राहिलेले कित्येक पीडित-साक्षीदार कक्ष यामुळे अडचणीत आले. ज्या शहरांनी आपल्या अर्थसंकल्पात त्यांची सोय केली ते तरले, बाकीचे आक्रसले.

१९८४ चा अधिनियम

योगायोग असा की, ज्या महिन्यात एल.ई.ए.ए.चे दप्तर बंद झाले त्याच महिन्यात, एप्रिल १९८२ मध्ये, अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी गुन्हेपीडितांविषयी एक कार्यदल नेमले. लोइस हाइट हेरिंग्टन या कॅलिफोर्नियातील माजी सरकारी वकील त्याच्या अध्यक्षा होत्या. कार्यदलाने वॉशिंग्टन, बोस्टन, सॅन फ्रान्सिस्को, डेन्व्हर, सेंट लुईस आणि ह्यूस्टन येथे जाहीर सुनावण्या घेतल्या. डिसेंबर १९८२ मध्ये सादर झालेल्या अहवालाचा प्रारंभ शासकीय अहवालांना अनोळखी अशा रीतीने होतो. स्वतःच्या घरात बलात्काराला बळी पडलेल्या एका मध्यमवयीन स्त्रीची, अनेकींच्या अनुभवांतून रचलेली कहाणी त्यात सांगितली आहे, आणि गुन्ह्यानंतर तिला प्रत्येक कार्यालयात काय सोसावे लागते हे टप्प्याटप्प्याने नोंदवले आहे. अहवालात ६८ शिफारशी होत्या.

त्यांतील निधीविषयक शिफारस निर्णायक ठरली. रेगन प्रशासन सामाजिक खर्चात कपात करीत होते. नवा कर किंवा नवी अर्थसंकल्पीय तरतूद राजकीयदृष्ट्या अशक्यप्राय होती. मग पैसा कोठून आणावयाचा? उत्तर असे निघाले की, केंद्रीय न्यायालयांत वसूल होणारे फौजदारी दंड, जप्त झालेल्या जामिनाच्या रकमा आणि प्रत्येक दोषी व्यक्तीवर बसवावयाचा एक लहानसा विशेष आकार एकत्र करून स्वतंत्र निधी उभारावा. १२ ऑक्टोबर १९८४ रोजी गुन्हेपीडित अधिनियम अस्तित्वात आला आणि त्याच्यासोबत गुन्हेपीडित निधीही. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीवरील विशेष आकार तेव्हा ५० डॉलर होता. १९९६ मध्ये तो १०० डॉलर करण्यात आला. ‘करदात्याचा एक डॉलरही नाही’ हा या निधीच्या समर्थकांचा आवडता युक्तिवाद होता. पंधरा वर्षे खर्चाच्या धसक्याने अडलेले विधेयक या युक्तिवादाने मार्गी लावले, हे मान्य करावेच लागते. मात्र त्याच युक्तिवादात पुढील संकटाचे बीजही होते.

दंडातून पीडिताला भरपाई ही कल्पना भारतीय वाचकाला अपरिचित नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ५४५ नुसार न्यायालय दंडाच्या रकमेतून पीडिताला भरपाई देण्याचा आदेश करू शकत असे, आणि १९७३ च्या संहितेत हीच तरतूद कलम ३५७ म्हणून आली. येथे दंड भरणारा आणि भरपाई घेणारा हे एकाच खटल्यातले असत. आरोपी सुटला किंवा कफल्लक निघाला की पीडिताच्या हाती काही पडत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी कलम ३५७-अ ची भर घालण्यात आली. ते ३१ डिसेंबर २००९ पासून अमलात आले आणि २०२४ मध्ये नव्या नागरिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाले. महाराष्ट्र शासनाची २०१३ मधील मनोधैर्य योजना याच शासकीय उत्तरदायित्वाच्या विचारातली. तिचा भार राज्याच्या अर्थसंकल्पावर आहे. अमेरिकेने तिसरा मार्ग निवडला. तेथे सर्व केंद्रीय खटल्यांतील दंड एका हौदात जमा होतो आणि तेथून तो भलत्याच गुन्ह्यांतील पीडितांना मिळतो.

निधीतील पैसा मुख्यतः दोन वाटांनी राज्यांकडे जातो. राज्यांच्या नुकसानभरपाई योजनांना त्यांनी स्वतः दिलेल्या रकमेच्या ठरावीक टक्क्यांइतके अनुदान मिळते. हे प्रमाण आरंभी ३५ टक्के, १९८८ पासून ४०, २००३ पासून ६० आणि २०२१ पासून ७५ टक्के असे वाढत गेले. दुसरी वाट सेवा-अनुदानाची. प्रत्येक राज्याला एक किमान रक्कम आणि उर्वरित लोकसंख्येच्या प्रमाणात, अशी तिची वाटणी असते. लैंगिक अत्याचार, जोडीदाराकडून होणारा छळ आणि बालकांवरील अत्याचार या तीन वर्गांसाठी प्रत्येकी किमान दहा टक्के राखून ठेवणे बंधनकारक झाले. १९८८ मध्ये दुर्लक्षित पीडितांसाठी आणखी दहा टक्क्यांची भर पडली. सेवा देणाऱ्या संस्थांनी स्वयंसेवकांचा उपयोग केला पाहिजे, अशीही अट होती. १९७२ च्या त्या स्वयंसेवी केंद्रांचा वारसा अशा रीतीने कायद्याच्या कलमात येऊन बसला.

अटींमध्ये एक अट विशेष विचार करण्याजोगी आहे. राज्याच्या भरपाई योजनेने पीडिताच्या पोलिसांशी सहकार्याला चालना दिली पाहिजे, असे अधिनियम सांगतो. अनेक राज्यांनी याचा अर्थ असा लावला की, ठरावीक मुदतीत फिर्याद न देणाऱ्याला भरपाई नाही. त्याशिवाय पीडिताच्या स्वतःच्या वर्तनामुळे गुन्हा ओढवला असे ठरल्यास अर्ज नाकारण्याची सोयही राज्यांच्या कायद्यांत होती. घरातल्याच माणसाकडून मार खाणारी स्त्री, पोलिसांना भिणारा स्थलांतरित मजूर, पोलिसांच्या संशयाखाली वाढलेला कृष्णवर्णीय तरुण यांना ही अट सर्वाधिक जाचक ठरणे स्वाभाविक होते. घरगुती हिंसाचारातील पीडितांना वगळता येणार नाही, अशी दुरुस्ती १९८८ मध्ये करावी लागली, यावरूनच आधीचा व्यवहार काय होता ते समजते. पीडित हा खटल्याचे साधन, ही १९७४ ची दृष्टी पुरती लोपली नव्हती.

पोलिस-अनुदानांचे पुनरागमन

एल.ई.ए.ए. गेली तरी पोलिसांना केंद्रीय पैसा मिळणे फार काळ थांबले नाही. अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेने ती वाट पुन्हा खुली केली. २६ फेब्रुवारी १९८८ रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एडवर्ड बर्न या बावीस वर्षांच्या पोलिसाची गस्त-गाडीत बसलेला असताना हत्या झाली. अमली पदार्थ विकणाऱ्यांविरुद्ध तक्रार करणाऱ्या एका रहिवाशाच्या घरावर तो पहारा देत होता. त्याच वर्षीच्या कायद्याने राज्यांना द्यावयाच्या अनुदानाला बर्न यांचे नाव मिळाले. २००५ मध्ये अन्य एका योजनेशी विलीनीकरण होऊनही ते नाव कायम राहिले. साक्षीदार व पीडितांसाठीचे कार्यक्रम हे या अनुदानाच्या मान्य उद्दिष्टांपैकी एक आहे. परंतु राज्ये आणि शहरे आपल्या पसंतीने खर्च करू शकत असल्याने हा पैसा प्रामुख्याने पोलिसी कामाकडेच वळला.

१९९४ चा कायदा हा या इतिहासातील दुसरा मोठा टप्पा. सप्टेंबर १९९४ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी स्वाक्षरी केलेल्या या कायद्यात एक लाख नवे पोलिस नेमण्यासाठी सहा वर्षांत ८.८ अब्ज डॉलर खर्चण्याची योजना होती. केंद्राने तीन वर्षे वेतनाचा मोठा हिस्सा द्यावा आणि नंतर शहरांनी भार उचलावा, असे तिचे स्वरूप होते. गुन्हे त्या काळात झपाट्याने कमी झाले. मात्र काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००५ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार १९९३ ते २००० मधील घटीपैकी केवळ पाच टक्क्यांच्या आसपास श्रेय या नेमणुकांना देता येते.

याच कायद्याचा एक भाग स्त्रियांवरील हिंसाचाराविषयी होता. त्यासाठी १.६ अब्ज डॉलर प्रस्तावित होते. त्यातील राज्यांच्या अनुदानाची रचना मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे: किमान २५ टक्के पोलिसांना, २५ टक्के सरकारी वकिलांना आणि २५ टक्के पीडित-सेवा संस्थांना. २००० मधील सुधारणेने पीडित-सेवांचा वाटा ३० टक्के झाला आणि न्यायालयांसाठी ५ टक्के राखले गेले. जे तीन घटक दोन दशके परस्परांकडे संशयाने पाहत होते, त्यांना एका अर्जावर एकत्र यावे लागले. पोलिसांवर विश्वास नसलेल्या चळवळीतील स्त्रिया पोलिसांना प्रशिक्षण देऊ लागल्या. काहींना हे चळवळीचे यश वाटले, काहींना चळवळीचे सरकारीकरण. दोन्ही मतांना आधार आहे. पीडित स्त्रीला केंद्रीय न्यायालयात दिवाणी दावा लावण्याचा जो हक्क याच कायद्याने दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये घटनाबाह्य ठरवला. अनुदाने मात्र चालू राहिली. हक्क गेला आणि पैसा राहिला, असे त्याचे वर्णन करता येईल.

हौदातील भरती-ओहोटी

गुन्हेपीडित निधीत पहिल्या वर्षी ६ कोटी ८० लाख डॉलर जमा झाले. निधीवर आरंभी जमेची मर्यादा होती. त्यावरील रक्कम सर्वसाधारण तिजोरीत जात असे. ही मर्यादा १९९३ मध्ये उठली आणि त्यानंतर निधीचे खरे स्वरूप उघड झाले. तुरुंगातल्या सामान्य गुन्हेगाराच्या ५० डॉलरांनी हा हौद कधीच भरत नव्हता. तो भरत होता मोठ्या कंपन्यांच्या दंडाने. १९९६ मध्ये न्यूयॉर्क शाखेतील प्रचंड तोटा दडवल्याबद्दल जपानच्या दाइवा बँकेने ३४ कोटी डॉलर भरले आणि त्या वर्षीची जमा ५२ कोटींच्या पुढे गेली. १९९९ मध्ये जीवनसत्त्वांच्या किमती संगनमताने वाढवल्याबद्दल हॉफमन-ला रोश कंपनीला ५० कोटी आणि बी.ए.एस.एफ. कंपनीला २२ कोटी ५० लाख डॉलर दंड झाला. त्या वर्षीची जमा ९८ कोटी ५० लाखांवर पोहोचली. बँकेने हिशेब लपवावा आणि त्यातून ओहायोतील एखाद्या आश्रयगृहाचे भाडे भरले जावे, असा हा विलक्षण संबंध होता. पुढे २०१७ च्या वित्तीय वर्षात, फोक्सवॅगनच्या २.८ अब्ज डॉलर दंडासह, जमा साडेसहा अब्जांवर गेली; आणि लगेच पुढच्या वर्षी ती ४५ कोटींच्या आसपास घसरली.

अशा उत्पन्नावर समुपदेशक नेमणे किंवा आश्रयगृह चालवणे कठीण असते. म्हणून २००० च्या वित्तीय वर्षापासून काँग्रेसने वार्षिक खर्चावर मर्यादा घातली. पहिली मर्यादा ५० कोटी डॉलरांची होती. सुगीच्या वर्षांतील धान्य कणगीत ठेवावे आणि दुष्काळात काढावे, हा त्यामागील सांगितलेला हेतू होता आणि तो रास्तही होता. परंतु काँग्रेसच्या हिशेबपद्धतीत न खर्चिलेली शिल्लक अन्य खात्यांच्या खर्चाला कागदोपत्री जागा करून देत असे. त्यामुळे कणगी भरत राहिली आणि दार अर्धेच उघडे राहिले. २०१४ पर्यंत निधीत अनेक अब्ज डॉलर साचले होते, तर त्या वर्षीची मर्यादा होती ७४ कोटी ५० लाख. सेवा-संस्थांच्या दीर्घ आग्रहानंतर २०१५ मध्ये ती एकदम २.३६ अब्जांवर नेण्यात आली आणि २०१८ मध्ये ४.४ अब्जांवर. राज्यांनी नव्या संस्थांना अनुदाने दिली, नवी केंद्रे उघडली, माणसे नेमली.

याच काळात जमेचा ओघ मात्र आटत होता. मोठ्या कंपन्यांवर खटला चालवून त्यांना दोषी ठरवण्याऐवजी खटला स्थगित ठेवण्याचे किंवा दाखलच न करण्याचे करार करण्याकडे न्याय विभागाचा कल वाढला. अशा करारांत कंपनी पैसे भरते. पण तो कायद्याच्या भाषेत दंड नसल्याने ती रक्कम पीडित निधीऐवजी सर्वसाधारण तिजोरीत जात असे. सरकारी वकिलाने कोणत्या शीर्षकाखाली तडजोड केली, यावर शेकडो मैल दूर असलेल्या बालअत्याचार-पीडित केंद्राचे भवितव्य ठरू लागले. जुलै २०२१ मध्ये ही पळवाट बुजवणारी दुरुस्ती सिनेटने १०० विरुद्ध ० मतांनी संमत केली आणि २२ जुलै रोजी अध्यक्ष बायडेन यांनी तीवर स्वाक्षरी केली. तोपर्यंत शिल्लक बरीच उपसली गेली होती. २०२१ ची खर्च-मर्यादा २ अब्जांच्या आसपास, २०२३ ची १.९ अब्ज आणि २०२४ ची १.३५ अब्ज डॉलर होती. पोलिस-अनुदानांची तरतूद मात्र दरवर्षीच्या अर्थसंकल्पातून होत असे. २००९ च्या मंदीत तर बर्न अनुदानाला दोन अब्ज आणि पोलिस-भरतीला एक अब्ज डॉलर जादा मिळाले होते.

सेवा-अनुदानातील घट सोसण्यासाठी काही राज्यांनी स्वतःचा पैसा काढला. १९६५ मध्ये पहिला भरपाई कायदा करणाऱ्या कॅलिफोर्नियाने २०२४ च्या अर्थसंकल्पात पीडित-सेवांची तूट भरून काढण्यासाठी सुमारे दहा कोटी डॉलरांची तरतूद केली. ती एका वर्षापुरती होती आणि करदात्यांच्या पैशातून होती.